डोंगरातील सफरचंद बागेचा जमाखर्च

जुलै महिना उजाडला की वाशीच्या आणि पुण्याच्या बाजारात हिमाचल प्रदेशातील सफरचंदाच्या पेट्या येऊ लागतात. सप्टेंबरनंतर काश्मीरचा माल येतो. शंभर-दीडशे रुपये किलोचा किरकोळ भाव पाहिला की आपल्याकडील डाळिंब आणि द्राक्ष बागायतदाराला वाटते, खरी शेती डोंगरातलीच. पाणी पावसाचे, हवा थंड आणि झाडाला पैसे लागलेले! मागील काही वर्षांत विद्यार्थ्यांचे अभ्यास दौरे घेऊन सिमला जिल्ह्यातील कोटगढ, कोटखाई आणि रोहडू या भागांत जाण्याचा योग आला. तेथील बागायतदारांशी बोलताना हा समज बराच उतरला. बाग पाहताना मन प्रसन्न होते, वही पाहताना तसे होत नाही. सदर लेखात त्या वहीचाच विचार केला आहे. बहुवर्षायू फळबागेचा हिशेब कसा मांडावा, हे आपल्याकडील कोणत्याही फळबागायतदारास त्यावरून पडताळता येईल.

थोडी पार्श्वभूमी

कुलू खोऱ्यात बंद्रोल येथे कॅप्टन ली या इंग्रज अधिकाऱ्याने १८७० मध्ये सफरचंदाची बाग लावली. परंतु त्या इंग्लिश जाती आंबटसर होत्या. सॅम्युअल स्टोक्स, म्हणजेच पुढे सत्यानंद स्टोक्स म्हणून ओळखले गेलेले अमेरिकन गृहस्थ, यांनी १९१६ मध्ये कोटगढ परिसरात अमेरिकेतून आणलेल्या रेड डेलिशस या गोड व लाल जातीची लागवड केली आणि तेथून हिमाचलच्या सफरचंदाचा खरा इतिहास सुरू झाला. गहू-मक्याच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांत दोन-तीन पिढ्यांत बागा उभ्या राहिल्या. आज राज्यातील फळपिकांखालील क्षेत्रापैकी जवळजवळ निम्मे क्षेत्र एकट्या सफरचंदाखाली आहे.

पण उत्पादन स्थिर नाही. २०१०-११ मध्ये हिमाचलमध्ये सुमारे ८ लाख ९२ हजार टन सफरचंद झाले, तर लगेच पुढच्या वर्षी २ लाख ७५ हजार टन. क्षेत्र तेच, सुमारे १ लाख हेक्टर. म्हणजे हेक्टरी सरासरी जवळजवळ ९ टनांवरून पावणेतीन टनांवर आली. पुढेही २०१८-१९ मध्ये ३ लाख ६८ हजार टन आणि २०१९-२० मध्ये ७ लाख १५ हजार टन असा चढउतार राहिला. या क्षेत्रात न फळणाऱ्या तरुण बागाही मोजल्या जातात, हे लक्षात घेतले तरी चढउतार मोठाच आहे. हिशेब करताना हा मुद्दा कधीही नजरेआड करू नये.

उत्पादन का हलते?

रॉयल डेलिशससारख्या जातीला हिवाळ्यात ७ अंश सेल्सिअसखालील थंडीचे सुमारे १००० ते १२०० तास मिळावे लागतात. तेवढी थंडी मिळाली नाही तर डोळे एकसारखे फुटत नाहीत, फुलोरा लांबतो व फळधारणा कमी होते. एप्रिलमध्ये फुलोऱ्याच्या वेळी पाऊस वा गारवा राहिला तर मधमाश्या बाहेर पडत नाहीत. डेलिशस गटातील जाती स्वतःच्या परागावर फळत नाहीत. बागेत गोल्डन डेलिशस, रेड गोल्ड, टायडमन किंवा क्रॅब ॲपल यांसारखी परागदाती झाडे हवीतच. जुन्या बागांत ती दहा टक्केसुद्धा नसतात, शिफारस मात्र २५ ते ३३ टक्क्यांची आहे. बागायतदाराला वाटते, परागदात्या झाडाची जागा वाया गेली, कारण त्याच्या फळाला भाव कमी. मग फळे लागत नाहीत म्हणून तो फुलोऱ्यात मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणतो. त्याचाही उपयोग अर्धाच, कारण माशीला नेण्यासाठी योग्य पराग तर बागेत हवा!

त्यावर मे महिन्यातील गारपीट, स्कॅब म्हणजे खवड्या रोग, पावसाळ्यातील अकाली पानगळ, लोकरी मावा, सॅन होजे खवले कीड आणि लाल कोळी. खवड्याने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस तेथे मोठे नुकसान केले आणि तेव्हापासून फवारणीचे वेळापत्रक बागेच्या खर्चाचा कायमचा भाग होऊन बसले.

आठ वर्षे फक्त खर्च

आता हिशेबाकडे वळू. पुढील दर व खर्चाचे आकडे केवळ समजण्यासाठी उदाहरणादाखल धरले आहेत. गाव, उंची आणि रस्ता यांप्रमाणे ते बदलतील, हिशेबाची रीत मात्र बदलणार नाही.

बियांच्या खुंटावरील कलमे ७.५ × ७.५ मीटर अंतरावर लावली तर हेक्टरी सुमारे १७८ झाडे बसतात. एकरी ७० झाडे धरू. तेथील बोलीत हे पाच बिघे. जमीन वडिलोपार्जित आहे असे मानून तिची किंमत धरलेली नाही. हिमाचलमध्ये १९७२ च्या कायद्यातील कलम ११८ मुळे शेतकरी नसलेल्यास शेतजमीन सहजी घेताही येत नाही.

पहिल्या वर्षी खड्डे, कलमे, कुंपण, पाण्याची टाकी यांसाठी १,२०,००० रु. आणि दुसऱ्या ते आठव्या वर्षापर्यंत दरसाल ३०,००० रु. निगा खर्च धरला, तर आठ वर्षांत ३,३०,००० रु. खर्च होतात. बहुतेक जण येथेच थांबतात. परंतु हा पैसा आठ वर्षे अडकून पडला आहे. तो बँकेचा असो वा स्वतःचा, द.सा.द.शे. ९ टक्के चक्रवाढ व्याज धरले तर आठव्या वर्षाअखेर रक्कम सुमारे ५,४०,००० रु. होते. ही रक्कम बागेच्या पुढील २५ उत्पादक वर्षांत त्याच व्याजदराने समान हप्त्यांत वसूल करावयाची झाल्यास दरवर्षी ५५,००० रु. बाजूला काढावे लागतील. पीक येवो अगर न येवो, हा हप्ता चुकत नाही.

पहिली सहा-सात वर्षे मोकळ्या जागेत वाटाणा, राजमा किंवा बटाटा घेऊन दरसाल निव्वळ १५,००० रु. जरी मिळविले तरी हाच हप्ता ४०,००० रुपयांच्या आत येतो. आंतरपिकाकडे किरकोळ कमाई म्हणून पाहणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा.

दरवर्षीचा निगा खर्च

बाग भरात आल्यावर एका एकराचा वार्षिक खर्च साधारणपणे पुढीलप्रमाणे धरता येईल.

हिवाळी छाटणी : ८,००० रु.
आळी करणे, शेणखत व रासायनिक खते : २४,००० रु.
आठ फवारण्या, औषध व मजुरीसह : २४,००० रु.
गवत कापणी, मधमाश्यांच्या पेट्या, फांद्यांना टेकू, गारांची जाळी : १२,००० रु.
राखण व किरकोळ दुरुस्ती : ६,००० रु.
घरच्या माणसांची मजुरी, ४० दिवस : २०,००० रु.
एकूण : ९४,००० रु.

खताचा आकडा काहींना जास्त वाटेल. दहा वर्षांवरील झाडास १०० किलो शेणखत, ७०० ग्रॅम नत्र, ३५० ग्रॅम स्फुरद आणि ७०० ग्रॅम पालाश अशी तेथील शिफारस आहे. ७० झाडांना शेणखतच सात टन लागते आणि ते बहुधा रस्त्यापासून पाठीवर किंवा खेचरावर न्यावे लागते. डोंगरात मालाइतकेच त्याच्या वाहतुकीचेही पैसे पडतात. फवारणीचेही तसेच. मोठ्या झाडाला सुमारे १० लिटर द्रावण लागते, म्हणजे एका फवारणीला ७०० लिटर पाणी उतारावर चढवावे लागते.

घरच्या मजुरीवरून कोटखाईकडील एका वयस्क बागायतदाराशी झालेले बोलणे आठवते. त्यांनी वीस-बावीस वर्षांच्या वह्या जपून ठेवल्या होत्या. किती पेट्या गेल्या, कोणत्या आडत्याकडे गेल्या, काय भाव आला, सर्व नोंदी होत्या. मी विचारले, "आपली आणि आपल्या मुलाची मजुरी कोठे लिहिली आहे?" ते हसून म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, घरच्यांची मजुरी कोणी लिहितो काय?" मुलगा मात्र हसला नाही. तो सिमल्यात नोकरी शोधत होता. घरच्या मजुरीला किंमत नाही असे वडील धरीत होते आणि मुलगा तिची किंमत शहरात तपासून पाहत होता.

तोडणीपासून बाजारापर्यंत

पेटीमागे होणारा खर्च पिकाच्या प्रमाणात वाढतो. २० किलोच्या एका पेटीस तोडणी ३० रु., खोका व आतील ट्रे १०० रु., प्रतवारी व भरणी ३० रु., बागेतून रस्त्यापर्यंत २० रु., ट्रकभाडे ६० रु. आणि हमाली १० रु., असे २५० रु. धरू. आडत व इतर कपात विक्रीच्या ५ टक्के धरू.

पेटी १,२०० रुपयांस विकली तर ३१० रु. म्हणजे सुमारे २६ टक्के रक्कम या वाटेतच खर्च होते. भाव ९०० वर आला तर खर्च २९५ रु. म्हणजे जवळजवळ ३३ टक्के. भाव पडला म्हणून खोका स्वस्त होत नाही, ट्रकवालाही भाडे कमी करीत नाही.

दुसरी गोष्ट वजनाची. पूर्वी तेथे दुहेरी झाकणाचा खोका वापरीत. त्यात थरांवर थर भरून २८-३० किलोपर्यंत माल जाई आणि भाव पेटीवर ठरे. वरचे आठ-दहा किलो फुकटातच जात. २०२३ च्या हंगामात राज्य शासनाने वजनावर विक्री व पेटीस २४ किलोची मर्यादा लागू केली, तर २०२४ पासून सुमारे २० किलोचा एकसमान खोका, ज्यास तेथे युनिव्हर्सल कार्टन म्हणतात, तो सक्तीचा झाला. आपल्याकडेही क्रेट, करंडी किंवा पोत्यावर भाव ठरतो तेथे किती किलो जातात हे एकदा काट्यावर पाहावेच.

गारांनी डागाळलेला, आकाराने लहान किंवा रंग न आलेला माल तिसऱ्या प्रतीत जातो. तो बाजार हस्तक्षेप योजनेखाली शासकीय संस्था खरेदी करतात व त्याचा रस, अर्क वगैरे करतात. २०२३ मध्ये या खरेदीचा दर किलोस १२ रु. होता. आपणही तोच दर धरू आणि तोडणी-वाहतुकीचे किलोमागे ३ रु. वजा करू. म्हणजे २० किलोमागे हाती १८० रु. यावरून एक उपयुक्त आकडा निघतो. पेटीस सुमारे ४५० रुपयांपेक्षा कमी भाव येणार असेल तर तो माल खोक्यात भरून पाठविण्यात अर्थ नाही, तिसऱ्या प्रतीत दिलेला बरा. तरीही दरवर्षी असा माल दिल्लीच्या आझादपूर बाजारापर्यंत जातोच, कारण शेजाऱ्याच्या पेट्या गेलेल्या असतात.

तीन प्रकारची वर्षे

आता सर्व आकडे एकत्र करू.

सर्वसाधारण वर्ष : झाडास ३ पेट्या याप्रमाणे २१० पेट्यांचा माल, त्यापैकी २० टक्के तिसरी प्रत. १६८ पेट्या १,२०० रु. दराने २,०१,६०० रु. आणि ८४० किलो तिसऱ्या प्रतीचे १०,०८० रु. तोडणी ते विक्री हा खर्च ५४,६०० रु. वजा जाता १,५७,०८० रु. उरतात. त्यातून निगा खर्च वजा केला की ६३,०८० रु. आणि भांडवलाचा ५५,००० रुपयांचा हप्ता वजा केला की ८,०८० रु.

भरघोस वर्ष : झाडास ५ पेट्या, पण सर्वत्र पीक चांगले असल्याने भाव ९०० रु. २८० पेट्या आणि १,४०० किलो तिसरी प्रत मिळून २,६८,८०० रु. विक्री खर्च ८६,८०० रु. आणि निगा खर्च वजा जाता ८८,००० रु. आणि हप्त्यानंतर ३३,००० रु. पीक दोनतृतीयांशाने वाढले, पण एकूण उत्पन्न पावपटीच्या थोडेच वर वाढले, हे पाहावे.

पडीचे वर्ष : झाडास १ पेटी, त्यात गारांमुळे ४० टक्के तिसरी प्रत. भाव १,६०० रु. असूनही एकूण ७३,९२० रु. विक्री खर्च १५,५४० रु. आणि निगा खर्च वजा करता ३५,६२० रु. तूट, हप्ता धरल्यास ९०,६२० रु. तूट.

पाच वर्षांत दोन सर्वसाधारण, दोन भरघोस आणि एक पडीचे वर्ष आले असे मानले तर बेरीज ८,४६० रु. तुटीची येते. म्हणजे ९ टक्के व्याज बहुतांशी वसूल झाले, घरची मजुरी निघाली, त्यापलीकडे हाती काही उरले नाही.

ज्याला बाग वडिलांकडून मिळाली त्याला हप्ता दिसत नाही, घरची मजुरीही तो लिहीत नाही. त्याच्या वहीत याच पाच वर्षांत सालोसाल सरासरी ७३,००० रु. शिल्लक दिसेल. तोही खोटे सांगत नाही. परंतु त्याची वही पाहून जो नवा माणूस कर्ज काढून बाग लावतो, तो फसतो. शिवाय जुन्या बागायतदाराची झाडे म्हातारी होत चालली आहेत आणि नव्या लागवडीसाठी त्याने काही बाजूला टाकलेले नाही. जुन्या सफरचंदाच्या जागी पुन्हा सफरचंद लावल्यास मुळांचे रोग व जमिनीची थकवट यामुळे रोपे नीट वाढत नाहीत, हा खर्च आणखी वेगळा.

पैसा कोठे वाचतो?

विद्यार्थ्यांना हा हिशेब घातला की बहुतेक जण खत-औषधात काटकसर सुचवितात. फवारणीत दोन फेऱ्या कमी केल्या तर ६,००० रु. वाचतील, पण खवड्याने प्रत घसरली तर काय? सर्वसाधारण वर्षात तिसरी प्रत २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणली तर २१ पेट्या वरच्या प्रतीत येतात. पेटीमागे हाती ८९० रु. येतात, तिसऱ्या प्रतीत १८० रु. आले असते, म्हणजे ७१० रुपयांचा फरक आणि एकूण सुमारे १४,९०० रु. फायदा. त्यासाठी एखादी गारांची जाळी, वेळेवर केलेली विरळणी आणि हिवाळ्याच्या शेवटी खनिज तेलाची फवारणी यांवर खर्च झाला तरी परवडतो. परागदात्या झाडांचेही तसेच. ती अडवतील त्या जागेपेक्षा पडीच्या वर्षात ती जे वाचवितात त्याचे मोल अधिक आहे.

घन लागवडीविषयी सध्या तेथे फार बोलले जाते. एम ९ सारख्या बुटक्या खुंटावर एकरी हजारभर झाडे बसतात व तिसऱ्या वर्षी फळ मिळू लागते. आठ वर्षांची वाट पाहणे टळते, हा मोठाच लाभ. पण या खुंटाची मुळे उथळ असतात. खांब, तारा, ठिबक आणि खात्रीचे पाणी लागते. सुरुवातीस एकरी ९ लाख रु. आणि दुसऱ्या वर्षी ६०,००० रु. धरले तर दोन वर्षांच्या व्याजासह सुमारे ११,३५,००० रु. होतात. १५ वर्षांत वसुली धरल्यास वार्षिक हप्ता १,४०,००० रुपयांच्या वर जातो. निगा खर्च १,५०,००० रु. धरला तर केवळ बरोबरीसाठी वरच्या प्रतीच्या सुमारे ३२७ पेट्या, म्हणजे साडेसहा टन विकाऊ माल दरवर्षी हवा. जुन्या पद्धतीत हाच आकडा १६७ पेट्या आहे. पाणी, रस्ता आणि देखरेख असेल तेथे साडेसहा टन सहज ओलांडता येतात आणि मग मात्र नफा जुन्या बागेच्या कितीतरी पट होतो. जेथे उन्हाळ्यात पिण्याचे पाणी खेचरावर येते तेथे एमएम १११ सारखा कोरडवाहूला सोसणारा मध्यम खुंट बरा.

रस्त्याची जोखीमही हिशेबात धरावी. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये अतिवृष्टीने रस्ते तुटले, ऐन तोडणीत ट्रक अडकले. अशा वेळी जवळच्या नियंत्रित वातावरणाच्या शीतगृहात माल देण्याची सोय असलेल्यांचे निभावले. आयातीचा प्रश्न निराळा. मे २०२३ मध्ये केंद्र शासनाने किलोस ५० रुपयांपेक्षा कमी किमतीच्या सफरचंदाच्या आयातीस बंदी घातली खरी, पण असे निर्णय बदलत राहतात, म्हणून त्यावर बागेचा ताळेबंद बांधू नये.

आपल्याकडे काय?

खालच्या पट्ट्यात थंडी कमी होऊ लागल्याने कुलू खोऱ्यातील काही बागायतदार सफरचंद काढून डाळिंबाकडे वळले आहेत. त्याच वेळी महाराष्ट्रात काही शेतकरी डाळिंब सोडून सफरचंदाची चौकशी करतात, हा योगायोग गमतीचा आहे. बिलासपूर जिल्ह्यातील हरिमन शर्मा यांनी शोधलेली एचआरएमएन-९९ ही कमी थंडीत फळणारी जात आपल्याकडे अनेक ठिकाणी लावली गेली आहे. तिची फळे जूनच्या सुमारास येतात, त्या वेळी बाजारात डोंगरातील ताजा माल नसतो, ही जमेची बाजू. परंतु झाडाला फळे लागणे आणि बाग परवडणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. रोपवाटिकेकडून सांगितले जाणारे झाडामागचे किलो लिहून घ्यावेत, त्यास भावाने गुणू नये. आधी त्यातील किती माल वरच्या प्रतीचा, कोणत्या बाजारात आणि कोणत्या महिन्यात विकला गेला, याची विक्रीपट्टी मागावी. कमीत कमी पाच वर्षे वयाची, आपल्याच तालुक्यातील बाग पाहावी. तशी बाग नसेल तर बांधावर दहा-बारा झाडे लावून, वरीलप्रमाणे वही घालून, घरच्या मजुरीसह दरवर्षीची नोंद ठेवावी. एकर-दोन एकराचा निर्णय त्या वहीतील पाचव्या वर्षाच्या बेरजेवर घ्यावा.